‘फीव्हर ड्रीम’ कादंबरीबद्दल वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘फीव्हर ड्रीम’ ही कादंबरी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. गेली काही वर्षे मी ती ओळखीच्या वाचकांच्या हाती देत आलो आहे आणि पुस्तक परत करताना बहुतेक जण तेच ते प्रश्न विचारतात. कोणाला ती रात्र जागवून संपवावीशी वाटते, तर कोणी दीडशेव्या पानावर खूण ठेवून ती कायमची मिटून टाकतो. मतांमधले हे अंतर बहुधा वाचक कोणत्या अपेक्षेने पुस्तक उघडतो त्यावर अवलंबून असते. माझ्या समजुतीप्रमाणे या कादंबरीचा खरा विषय मालकी हा आहे, म्हणजे माणसाने माणसावर सांगितलेली मालकी. कथेतली आगबोट आणि रक्तपिपासू, म्हणजे व्हॅम्पायर, हे दोन्ही त्या विषयाकडे जाण्याचे रस्ते आहेत. पुढील उत्तरांत कादंबरीचा शेवट उघड केलेला नाही. मधल्या काही गोष्टींचा उल्लेख मात्र अटळ आहे.

कथा थोडक्यात काय आहे?

१८५७ चा एप्रिल महिना. सेंट लुईस शहरातल्या प्लँटर्स हाऊस या हॉटेलात ॲब्नर मार्श नावाचा एक बोटमालक एका अनोळखी गृहस्थाला भेटायला जातो. मार्शच्या बहुतेक बोटी नदीतल्या बर्फाने चिरडल्या आहेत आणि त्याचा धंदा जवळपास बुडाला आहे. जॉशुआ यॉर्क हा फिकट कांतीचा, श्रीमंत आणि अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ त्याच्यापुढे भागीदारीचा प्रस्ताव ठेवतो. पैसा यॉर्कचा, नदीचे ज्ञान मार्शचे, आणि दोघांनी मिळून मिसिसिपीवर आजवर तरंगली नसेल अशी बोट बांधायची. अट एवढीच की यॉर्कच्या आणि त्याच्या पाहुण्यांच्या विचित्र सवयींबद्दल मार्शने काही विचारायचे नाही. दुसरीकडे लुईझियानातल्या एका जुन्या मळ्यावर डेमन ज्यूलियन नावाचा प्राचीन आणि निर्दय रक्तपिपासू आपल्या गोतावळ्यासह राहत असतो. बोट दक्षिणेकडे निघते आणि या दोन कथा न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने एकमेकींच्या जवळ येत जातात.

शीर्षकाचा अर्थ काय?

फीव्हर ही इलिनॉय राज्यातल्या गलीना गावाजवळून वाहणारी आणि पुढे मिसिसिपीला मिळणारी एक छोटी नदी. आता तिला गलीना नदी म्हणतात. मार्शच्या कंपनीचे नाव या नदीवरून आलेले आहे आणि नव्या बोटीचेही. तापात पडणाऱ्या स्वप्नाचा अर्थ इंग्रजी वाचकाच्या कानाला आपोआप ऐकू येतो, तो लेखकाला हवाच आहे. मार्टिन यांनी १९७० च्या दशकात आयोवातल्या डब्यूक या नदीकाठच्या गावात अध्यापन केले होते आणि गलीना तेथून फार दूर नाही, त्यामुळे हे नाव त्यांना नकाशात शोधावे लागले नसावे.

ही भयकथा आहे का? मला तर भीती वाटली नाही.

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. पाने उलटताना दचकायला लावणारे प्रसंग मोजकेच आहेत. मार्शच्या मनातला संशय कणाकणाने वाढत जातो. यॉर्क दिवसा का दिसत नाही, रात्री-अपरात्री भलत्याच ठिकाणी बोट का थांबवायला लावतो, वर्तमानपत्रांतली मृत्यूंची कात्रणे का जपून ठेवतो, हे प्रश्न वाचकाने मार्शच्या आधीच सोडवलेले असतात. काही वाचकांना हाच दोष वाटतो, कारण रक्तपिपासूंची कादंबरी आहे हे मुखपृष्ठावरून कळलेले असताना नायकाला ते समजायला इतकी पाने का लागावीत, असा त्यांचा सवाल असतो. मला स्वतःला हा भाग आवडतो. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट एक भला माणूस मैत्रीखातर पाहण्याचे टाळत राहतो, हे वाचताना जी अस्वस्थता येते ती भीतीपेक्षा वेगळी आणि अधिक टिकणारी आहे.

एका प्रसंगाबद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो. जेवणाच्या टेबलावर एका तान्ह्या बाळासंबंधी जे घडते ते अनेकांना सहन होत नाही. काही वाचकांनी पुस्तक तिथेच सोडले आहे आणि त्यांना मी कधी दोष दिलेला नाही.

हे रक्तपिपासू नेहमीपेक्षा वेगळे कसे?

मार्टिन यांनी जुन्या समजुती एकेक करून बाजूला ठेवल्या आहेत. त्यांचे रक्तपिपासू मेलेले नसतात. ते माणसांशेजारी हजारो वर्षे राहणारा एक निराळा, विरळ आणि दीर्घायुषी वंश आहेत. क्रूस, लसूण, आरसा, चांदी यांचे त्यांना काही वाटत नाही. ऊन त्यांना भाजते, पण एका किरणात त्यांची राख होत नाही. बोटीच्या दिवाणखान्यात यॉर्क हौसेने आरसे आणि चांदीचा साज मिरवतो आणि त्यामुळेच मार्शचा पहिला संशय चुकीच्या दिशेने विरून जातो; ही लेखकाची एक छान खोडी आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की ठराविक काळाने त्यांना एक ‘लाल तहान’ लागते आणि तिच्यापुढे त्यांची इच्छाशक्ती चालत नाही. यॉर्कने वर्षानुवर्षे प्रयोग करून ही तहान शमवणारे एक पेय तयार केले आहे आणि ते आपल्या वंशातल्या इतरांपर्यंत पोहोचवणे हेच त्याच्या प्रवासाचे कारण आहे. त्यांच्यात एक ‘रक्तस्वामी’ असतो आणि बाकीचे त्याच्या नजरेखाली अक्षरशः वाकतात. वंशशास्त्रासारखी ही मांडणी काही वाचकांना कोरडी वाटते, गूढ गेले असे ते म्हणतात. माझे उत्तर असे की गूढ गेल्यावरच जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. जो शापित आहे त्याला माफ करता येते. ज्याच्या हातात पेयाची बाटली आहे आणि तरीही जो ती नाकारतो, त्याला काय म्हणायचे?

मग मराठीत त्यांना वेताळ म्हणावे का?

म्हणू नये. वेताळ हा प्रेतात शिरणारा, स्मशानातला, गोष्टी सांगून राजाला कोड्यात टाकणारा आहे आणि आपल्या गावांत तर तो वेशीवरचा देवही आहे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळपंचविशीच्या कथा इंग्रजीत नेताना ‘विक्रम आणि व्हॅम्पायर’ असे शीर्षक दिले, तेव्हापासूनचा हा गोंधळ आहे. नारायण धारपांच्या कादंबऱ्यांमुळे मराठी वाचकाला पाश्चात्त्य धाटणीचा रक्त पिणारा अमानुष चांगला परिचित आहे, त्यामुळे ‘रक्तपिपासू’ किंवा सरळ ‘व्हॅम्पायर’ हा शब्द पुरेसा आहे.

आगबोटीचा इतका तपशील कशासाठी? अर्धे पुस्तक बॉयलर आणि धुराड्यांवरच आहे.

अर्धे नाही, पण बरेच आहे आणि माझ्या मते हाच या पुस्तकाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. आगबोट म्हटले की मराठी माणसाला मुंबईहून रेवस, दाभोळ, रत्नागिरीला जाणाऱ्या बोटी आठवतात. मिसिसिपीवरची बोट त्यांहून फार निराळी होती. समुद्रातल्या बोटीचा तळ खोल असतो. नदीतली बोट उथळ आणि सपाट, जणू तराफ्यावर उभारलेला तीनमजली लाकडी वाडा. खाली भट्ट्या, बॉयलर आणि माल, वर प्रवाशांच्या खोल्या आणि झुंबरांचा लांबलचक दिवाणखाना, त्याच्याही वर काचेची पायलटची खोली. उच्च दाबाच्या वाफेवर चालणारी ही इंजिने ओंडक्यांचे ढीग गिळत असत, म्हणून काठाकाठाने लाकडांच्या वखारी असत आणि जळण भरण्यासाठी बोट वारंवार थांबवावी लागे. शर्यतीच्या वेळी भट्टीत डुकराची चरबी टाकून ज्वाळा भडकवत. बॉयलर फुटणे ही नेहमीची दुर्घटना होती. १८६५ मध्ये मेम्फिसजवळ ‘सुलताना’ या बोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत युद्धकैदेतून सुटून घरी निघालेल्या सैनिकांचा भरणा होता.

या व्यवस्थेतली एक गोष्ट कादंबरी समजण्यासाठी फार उपयोगी आहे. नदीत बोट चालू असताना कप्तानाचा नव्हे, पायलटचा शब्द अखेरचा असे. नदीचे वळण, बुडालेले झाड, सरकलेली वाळू हे सारे पायलटच्या स्मरणात असे आणि काठाची खूण दिसत नसलेल्या रात्रीही त्याला केवळ आकारावरून वाट काढावी लागे. खोली मोजणारा खलाशी दोन वाव, म्हणजे बारा फूट, पाणी लागले की ‘मार्क ट्वेन’ अशी हाळी देत असे. सॅम्युअल क्लेमेन्स या पायलटने पुढे हेच नाव लेखनासाठी घेतले. ते १८५७ मध्येच, म्हणजे कादंबरी सुरू होते त्याच वर्षी, या नदीवर उमेदवारी करायला लागले होते. आता या पार्श्वभूमीवर अंधारात स्वच्छ पाहू शकणारा यॉर्क रात्री पायलटच्या खोलीत उभा राहून नदी शिकतो, हे दृश्य वाचावे. दिवसा मृतवत पडणारा हा गृहस्थ रात्रीच्या नदीवर खऱ्या अर्थाने जिवंत असतो, हे तिथे एका शब्दाचीही फोड न करता कळते.

ज्यांना हा तपशील नकोसा होतो त्यांना मी इतकेच सुचवतो की इंडियाना राज्यातल्या न्यू अल्बनी गावाच्या गोदीत मार्श नवी बोट पहिल्यांदा पाहतो ते प्रकरण घाई न करता वाचावे. पांढऱ्या, निळ्या आणि रुपेरी रंगांतली ती बोट धुक्यात दिसते तेव्हा त्या अगडबंब, कुरूप माणसाच्या मनात जे उमटते ते प्रेमच आहे. पुढची सगळी कथा त्या प्रेमाची किंमत सांगते.

इतिहास कितपत खरा आहे?

पात्रे काल्पनिक आहेत, त्यांच्याभोवतीची नदी खरी आहे. मार्शला ज्या ‘इक्लिप्स’ बोटीला हरवायचे असते ती १८५२ मध्ये न्यू अल्बनी येथेच बांधली गेली होती आणि तिची लांबी ३६० फुटांहून अधिक होती. १८५६ च्या फेब्रुवारीत सेंट लुईसच्या धक्क्यावर बर्फाने अनेक बोटी चिरडल्या, ही घटनाही खरी. आगबोटींचा सुवर्णकाळ आणि त्याच्या अंताची सुरुवात एकाच वेळी चालू होती. १८५६ मध्ये रॉक आयलंडला मिसिसिपीवर रेल्वेचा पहिला पूल झाला, काही दिवसांतच एक बोट त्यावर आदळून जळाली आणि पुढच्या वर्षीच्या खटल्यात पुलाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. मार्श आपल्या जन्मातली सर्वांत मोठी बोट नेमक्या अशा वेळी बांधतो. कादंबरीचा अखेरचा भाग १८७० च्या मे महिन्यात घडतो. त्यानंतर दीड महिन्याने ‘रॉबर्ट ई. ली’ आणि ‘नॅचेझ’ यांची न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुईस ही गाजलेली शर्यत झाली आणि ‘ली’ने ती ३ दिवस १८ तास १४ मिनिटांत जिंकली. त्या वैभवाचा तो जवळपास शेवटचा झगमगाट होता.

गुलामगिरीचा विषय लेखकाने नीट हाताळला आहे का?

वाचकांत सर्वांत तीव्र मतभेद याच प्रश्नावर आहेत.

कादंबरीची सुरुवात १८५७ च्या एप्रिलमध्ये का, याचा विचार केला पाहिजे. त्याच वर्षीच्या ६ मार्चला ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कृष्णवर्णीय माणूस देशाचा नागरिक होऊ शकत नाही. स्कॉटने स्वातंत्र्यासाठी पहिला दावा लावला होता तो सेंट लुईसच्याच न्यायालयात. म्हणजे मार्श आणि यॉर्क ज्या शहरात जेवत बसले आहेत त्या शहरातून निघालेल्या खटल्याने, जेमतेम महिन्याभरापूर्वी, माणूस ही मालमत्ता ठरवली आहे. नदीच्या पश्चिमेला मिसुरीत गुलामगिरी कायदेशीर, पूर्वेला इलिनॉयमध्ये नाही, आणि खालच्या अंगाला कापसाचे व उसाचे मळे. त्या मळ्यांसाठी ‘नदीखाली’, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने दक्षिणेला, विकले जाणे हा वरच्या राज्यांतल्या गुलामांना घातला जाणारा सर्वांत मोठा धाक होता आणि त्यांना खाली नेणाऱ्या बोटी याच होत्या.

ज्यूलियन आणि त्याचे सोबती माणसांना ‘जनावरे’ म्हणतात. मळेवाले आपल्या गुलामांना वेगळे काय समजत होते? न्यू ऑर्लिन्सच्या बाजारातून देखण्या गुलाम मुली विकत आणून ज्यूलियनच्या मळ्यावर नेल्या जातात आणि त्या नाहीशा होतात. कोणी विचारत नाही, कारण विचारायचा अधिकार असलेले कोणी नसते. रक्तपिपासूला लपण्यासाठी कबर किंवा किल्ला लागत नाही, कायदा पुरतो. हा या कादंबरीतला सर्वांत भयंकर विचार आहे आणि लेखक तो भाषणात सांगत नाही.

सावर बिली टिप्टन हे पात्र याच विचाराचे मूर्त रूप आहे. हा गोरा, गरीब, क्रूर मुकादम ज्यूलियनची सारी घाणेरडी कामे करतो, कारण एक दिवस आपल्यालाही त्यांच्यासारखे करून घेतले जाईल असे आश्वासन त्याला मिळाले आहे. ते पुरे होणे शक्य आहे का, हे वाचकाला बिलीच्या आधी कळते. मालक होण्याच्या आशेवर आयुष्यभर नोकर राहणारा असा माणूस प्रत्येक व्यवस्थेत सापडतो. मला ज्यूलियनपेक्षा बिली अधिक लक्षात राहिला आहे.

आता आक्षेप. कृष्णवर्णीय पात्रे कमी आहेत आणि त्यांच्या मनात आपल्याला क्वचितच शिरता येते. त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा बळी होणेच येते. गुलामगिरीवरच्या कादंबरीत गुलामांचाच आवाज नसावा, हा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय संवादांत त्या काळचे अपमानास्पद शब्द जसेच्या तसे आहेत. ते ऐतिहासिकदृष्ट्या खरे असले तरी वाचताना टोचतात. बचावात एक गोष्ट सांगता येते. मार्श सुरुवातीला या प्रश्नावर उदासीन असतो, व्यापाऱ्याने अशा भानगडीत पडू नये असे मानणारा असतो. पुढे तो अशा मताला येतो की ही प्रथा शांततेने संपली तर उत्तम, पण आगीने आणि रक्ताने संपवावी लागली तरी संपलीच पाहिजे. हा बदल वाचनातून किंवा उपदेशातून होत नाही. स्वतः कोणाचे तरी ‘जनावर’ ठरल्याशिवाय त्याला तो प्रश्न समजत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी महात्मा फुले आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना आदरपूर्वक अर्पण केले. कादंबरीचा शेवट घडतो त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी.

मार्श हा नायक म्हणून पटतो का?

सव्वाशे किलोंहून जास्त वजनाचा, चामखिळी असलेला, प्रकरणागणिक प्रचंड जेवणारा नायक काहींना विनोदी वाटतो. त्याच्या जेवणाच्या याद्यांवर मीही कधीकधी हसलो आहे. पण भूक हा शब्द या पुस्तकात दोन्ही बाजूंना वापरलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. यॉर्क त्याला इंग्रज कवी बायरनची कविता वाचून दाखवतो आणि कवितेशी काडीचा संबंध नसलेला मार्श हळूहळू ती समजू लागतो, हा मैत्रीचा धागा बहुतेक सर्व वाचकांना आवडलेला दिसतो. बायरनची निवड सहज झालेली नाही. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी बायरनबरोबर राहिलेला त्याचा डॉक्टर जॉन पोलिडोरी यानेच पुढे इंग्रजी गद्यातली पहिली गाजलेली व्हॅम्पायरकथा लिहिली.

स्त्री पात्रांचे काय?

दुबळी आहेत. व्हॅलरी आणि कॅथरीन लक्षात राहतात, पण त्या दोन पुरुषांच्या संघर्षातल्या सोंगट्या म्हणून. याचे समर्थन मी करणार नाही.

मध्येच तेरा वर्षांची उडी का? कथा तिथे तुटल्यासारखी वाटते.

तुटते, आणि लेखकाला ती तोडायची आहे असे मला वाटते. उत्कंठा टिपेला पोहोचलेली असताना कथा पुढे सरकते; मधे यादवी युद्ध होऊन जाते, बोटींचा धंदा खंगतो, मार्श म्हातारा होतो. पहिल्या वाचनात मीही वैतागलो होतो. दुसऱ्या वाचनात जाणवले की दीर्घायुषी वंशाला तेरा वर्षे म्हणजे काहीच नाहीत आणि माणसाला मात्र ती जवळजवळ सगळी उरलेली वर्षे असतात. हा फरक सांगण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. तरीही युद्धाची वर्षे फार थोडक्यात उरकली आहेत, ही तक्रार योग्यच आहे. ‘इक्लिप्स’शी शर्यत होते का आणि कशी, हे विचारू नये, त्या एका उत्तरासाठी तरी शेवटापर्यंत जावे.

लेखकाच्या प्रसिद्ध राजसिंहासनाच्या मालिकेसारखी ही आहे का?

त्या मालिकेचा पहिला खंड ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ चा, म्हणजे या कादंबरीनंतर चौदा वर्षांनी आलेला. इथे पात्रांची गर्दी नाही आणि कथा एका खंडात पुरी होते. जेवणाची वर्णने, सत्तेचे आकर्षण आणि कुरूप माणसांविषयीची माया मात्र तीच आहे.

इंग्रजी अवघड जाते का?

निवेदन सोपे आहे. मार्शची आणि खलाशांची बोली पहिल्या दोन-तीन प्रकरणांत अडखळायला लावते, नंतर कान सरावतो. बोटीच्या भागांची नावे कळत नसतील तर अशा एखाद्या बोटीचे छेदचित्र शेजारी ठेवावे. शब्दकोशापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

पुढचा भाग किंवा दुसरे रूप आहे का?

पुढचा भाग नाही. २०१० मध्ये डॅनियल एब्रहॅम यांनी केलेले चित्रकथेचे रूपांतर आले. चित्रांमुळे बोट डोळ्यांसमोर उभी राहते हे खरे, पण मार्शच्या मनातला संशय चित्रात मावत नाही, म्हणून आधी कादंबरी वाचावी आणि चित्रकथा नंतर.